शून्यबाईंच्या चार बिजागऱ्या

बिजागऱ्यांच्या त्या कारखान्यात एक दार असं होतं, की त्यातून आजवर कोणी कुठे गेलं नाही. तपासणीच्या खोलीत मधोमध, जमिनीत रोवलेल्या लाकडी चौकटीत ते उभं होतं. अलीकडे खोली, पलीकडेही तीच खोली. दारवाले काका म्हणून एक सडसडीत, अबोल गृहस्थ सत्तावीस वर्षं ते दार उघडत आणि लावत होते. प्रत्येक खोक्यातून तीन बिजागऱ्या काढायच्या, दाराला बसवायच्या, शंभर वेळा दार उघडायचं, लावायचं आणि कान द्यायचा. पिन सैल असली तर दार खोकतं आणि नळी नीट गोल वळलेली नसली तर कण्हतं, असं काका सांगत. "दिवसभर दार उघडतो, पण जात मात्र कुठे नाही," ही त्यांची चेष्टा कारखान्यात इतकी जुनी झाली होती की आता तिला कोणी हसतही नसे.

काका आणि त्यांच्या हाताखालच्या तिघी, अशी ती चार माणसांची खोली. बिजागरी खराब निघाली की काका ती निळ्या ट्रेमध्ये ठेवत. जेवणाच्या सुट्टीआधी ट्रे उचलून बिजागऱ्या वळवणाऱ्या प्रेसच्या हॉलमध्ये जात, खोक्यावरच्या खडूच्या खुणेवरून ती कोणाच्या मशीनची ते ओळखत, त्याच्या स्टुलावर ट्रे ठेवत आणि चकार शब्द न काढता परत येत. त्या माणसाने घरी जायच्या आत आपलं आपण निस्तरायचं. संध्याकाळी ट्रे रिकामा येई. मग काका रजिस्टर उघडून त्या तारखेपुढे लिहीत : दोष शून्य.

हा शून्य मॅनेजर बाईंचा. बाई त्रेपन्न वर्षांच्या, अंगाने ठेंगण्या, आवाजाने उंच, आणि राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. एकोणिसाव्या वर्षी स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागल्या आणि एकेक पायरी चढत मॅनेजरच्या खुर्चीवर येऊन बसल्या. गेली बावीस वर्षं तपासणी त्यांच्या हुकमाने चालत होती आणि बावीस वर्षांत रजिस्टरात एक दोष नव्हता. म्हणून लोक त्यांना पाठीमागे शून्यबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, मनातून आवडतही होतं.

पुढे जुने मालक वारले. मुलांना बिजागऱ्यांत रस नव्हता. कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला, जिच्या पदरी असले एकोणीस कारखाने होते. धंदाही पहिला राहिला नव्हता. पूर्वी सुतार दुकानात यायचा, बिजागरी हातात घ्यायचा, दोनदा हलवून बघायचा आणि मगच "द्या" म्हणायचा. आता लोक फोनवर चित्र बघून माल मागवतात, आणि जरा करकरली की एक तारा देऊन परत धाडतात. बाईंचा या कशालाच विरोध नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची हकीकत ऐकून कोणालाही नेमकं तसंच वाटेल. दोन नवी प्रेस मशीनं त्यांनीच जुन्या मालकांच्या मागे लागून आणली होती. वेष्टनं बदलली होती. पन्नाशीनंतर चष्मा लावून तीन महिन्यांत संगणक शिकल्या होत्या. बदलाची त्यांना भीती नव्हती. त्यांना चीड होती ती उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची.

असा एक शेळ्या हाकणारा कंपनीने पाठवला. सल्लागार. तिशीचा, पांढऱ्याशुभ्र बुटांचा, आणि इतका नम्र की बाईंना तिथेच धोका कळायला हवा होता. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हा प्रत्येक वाक्यात "मॅडम" म्हणायचा आणि आवाज एक सूतभरही चढवायचा नाही. आठ दिवस तो कारखान्यात हिंडला, म्हणजे बैठकीच्या खोलीत बसून पडद्यावर हिंडला. नवव्या दिवशी त्याने बाईंना बोलावलं.

"मॅडम, एक गोष्ट मला कळत नाहीये. तपासणीच्या खोलीत चार माणसं आहेत. बावीस वर्षांत त्यांना सापडलेले दोष शून्य. मग ती नक्की शोधतात काय?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोष नाहीत, कारण ती माणसं आहेत!"

"असेलही. पण हे कागदावर कुठे दिसतं?"

कागदावर नव्हतंच. मग बाईंनी त्याला निळ्या ट्रेची हकीकत सांगितली. अगदी अभिमानाने सांगितली. खडूची खूण, स्टूल, संध्याकाळी रिकामा येणारा ट्रे. सल्लागाराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बावीस वर्षांचं रजिस्टर खोटं आहे?"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. खोटं नव्हतं ते. पण खरं होतं असंही त्यांना त्या घटकेला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

"हरकत नाही," तो म्हणाला. "मी वाईट माणूस नाही, मॅडम. एक महिना घ्या. दोष खरोखर सापडत असतील तर ते या नव्या फॉर्मात भरा. सापडले तर खोली राहील. नाही सापडले तर चौघांना मोकळं करावं लागेल."

फॉर्म पडद्यावर होता. तारीख, खोक्याचा नंबर, आणि तिसरा रकाना : दोष कोणामुळे, कर्मचारी क्रमांक. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नव्हता. एका क्रमांकावर तीन दोष झाले की त्या माणसाला आपोआप ताकीदपत्र. वर्षभरात दहा झाले की त्याचं कार्ड बंद, म्हणजे फाटकावर कार्ड लावलं तरी फाटक उघडायचं नाही.

"यात कोणाचा राग नाही, लोभ नाही," सल्लागार म्हणाला. "सगळं संगणक करतो."

त्या संध्याकाळी बाईंनी घरातली सगळी भांडी घासली. स्वच्छ होती तीसुद्धा. बाई चिडल्या की भांडी घासायच्या आणि नवरा मुकाट्याने पुसून फळीवर लावायचा. बस आगारात तीस वर्षं वेळापत्रकं लावून निवृत्त झालेला माणूस, घाई त्याला माहीतच नव्हती.

"अहो, राग नाही म्हणे, लोभ नाही म्हणे!" बाई पातेल्याला म्हणाल्या. "अरे, मग आहे काय तुमच्यात? दगडाला तरी ठोकलं तर आवाज येतो."

"हे पातेलं दुसऱ्यांदा घासतेयस," नवरा म्हणाला.

बाईंना ज्याचा राग येत होता तो सल्लागार नव्हताच मुळी. तो राग फार जुना होता, आणि त्याच्यासाठीच तो शून्य जन्माला आला होता. बावीस वर्षांपूर्वी रजिस्टरात नावं लिहिली जात. तेव्हा बाई कारकून होत्या, आणि ती नावं लिहायच्याही त्याच. प्रेसवर मामा म्हणून एक उस्ताद होते, आजही आहेत. त्यांचा धाकटा भाऊ शेजारच्याच मशीनवर होता. एका आठवड्यात त्या पोराच्या अकरा बिजागऱ्या खराब निघाल्या आणि बाईंनी सुवाच्य अक्षरात अकरा वेळा त्याचं नाव लिहिलं. मालकांनी फाटकाशी, सगळ्यांसमोर, ते अकरा वेळा वाचून दाखवलं आणि त्याला घालवून दिलं. पंधरा दिवसांनी मशीन खोललं तेव्हा साच्याला तडा गेलेला सापडला. केसाएवढा. पोराची चूक काडीची नव्हती. त्याला परत बोलावलं, तर तो आला नाही. आजही तो दुसऱ्यांच्या गाड्या हाकतो आणि या रस्त्याने जायची वेळ आली तर लांबचा वळसा घेतो. मामा बाईंना त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्याच महिन्यात बाईंच्या हाती तपासणी आली आणि त्यांनी पहिला हुकूम काढला, की या वहीत पुन्हा कोणाचं नाव लिहायचं नाही.

आता तीच वही संगणकात घुसून परत आली होती.

दुसऱ्या दिवशी बाई तपासणीच्या खोलीत गेल्या. काका दार लावत होते. शंभर पुरे होईपर्यंत बाई थांबल्या, कारण मध्ये बोललं की काका पहिल्यापासून मोजायला लागत.

"काका, आजपासून दोष लिहायचे. फॉर्मात. नंबर घालून."

"मी नाही लिहिणार."

"नाही लिहिलंत तर खोली जाईल. तुमची दीड वर्षं राहिलीत निवृत्तीला. या तिघी कुठे जातील?"

"आणि लिहिलं तर प्रेसवरचे कुठे जातील?" काका खाली बसून बिजागरीचा स्क्रू सोडवू लागले. "चहाड्या लिहिण्यासाठी मी कान तयार केलेला नाही, बाई."

"मग मी करू तरी काय?" बाई इतक्या जोरात ओरडल्या की तिघींनी माना वर केल्या. "तुमचं करायला जावं तर तुम्हीच आडवे! इकडे आड, तिकडे विहीर, आणि तुम्ही मला वर तत्त्व शिकवताय!"

काकांनी नवी बिजागरी बसवली आणि दार उघडलं. एक. बाई तणतणत बाहेर पडल्या. पहिला आठवडा तसाच गेला. ट्रे जात होता, रिकामा येत होता, आणि फॉर्म कोरा.

दुसऱ्या आठवड्यात नवी पट्टी आली. बिजागरी ज्या लोखंडी पट्टीची वळवतात, ती आजवर एकाच ठिकाणाहून यायची. आता खरेदी मुख्य कार्यालयातून होणार होती, एकोणीस कारखान्यांची एकदम. पट्टीची गुंडाळी उतरवली तेव्हाच मामांनी तिच्यावर अंगठा फिरवला आणि ते बाईंकडे बघून नुसते मान हलवून गेले. गुंडाळी मामांच्याच मशीनवर चढली आणि सोमवार-मंगळवार दोन दिवसांत तिथे चौदा बिजागऱ्या खराब निघाल्या. वळवताना नळी वेडीवाकडी यायची, नाहीतर तडकायची. ट्रे पुरेना. काकांनी ट्रेवर ट्रे ठेवून नेले. मामा जेवणाच्या सुट्टीत जेवले नाहीत, संध्याकाळी दोन तास बसले, तरी चौदातल्या नऊच सुधारल्या. तडकलेली नळी सुधारत नाही. ती फेकावीच लागते.

बुधवारी सकाळी बाई संगणकापुढे बसल्या. चौदा दोष. पहिल्यांदाच काहीतरी भरायला होतं, आणि भरलं तर खोली वाचत होती. तिसऱ्या रकान्यात मामांचा क्रमांक घालायचा की झालं. मामांच्या भावाचं नाव अकरा वेळा लिहिलं होतं. मामांचा नंबर चौदा वेळा. त्यातल्या दहाव्यालाच फाटक बंद. साचा तेव्हाही मुका होता आणि पट्टी आताही मुकीच होती. बोलायला लावायचं ते माणसाला, कारण माणसाला नंबर असतो. पट्टीचा रकाना फॉर्मात नव्हता. ज्याने फॉर्म बनवला त्याला चूक म्हणजे माणूसच सुचला होता.

बाईंनी संतापाने टेबलावरचे कागद बाजूला ढकलले. त्यात नव्या पट्टीची पावती होती. तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं : खरेदी मंजूर, खरेदीप्रमुख, कर्मचारी क्रमांक ७०२१४.

बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी पहिल्या दोषापुढे ७०२१४ घातलं. फॉर्म विनातक्रार पुढे सरकला. दुसऱ्यापुढे घातलं. चौदाच्या चौदा दोष त्यांनी असे भरले. यात खोटं काय होतं? बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या वहीत दोषाचं खरं नाव लिहिलं गेलं होतं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. खरेदीप्रमुख स्वतः बोलत होते. बोलत कसले, फुटत होते.

"माझं नाव घालायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"नाव नाही घातलं. रकान्यात नंबर मागतात, नंबर घातला."

"मी बिजागऱ्या बनवतो का?"

"पट्टी तुम्ही घेतलीत. ती वळवताना तडकते. या, मशीन रिकामं ठेवते, तुम्हीच वळवून दाखवा."

"काल ताकीदपत्र आलं, मला वाटलं कोणीतरी गंमत केली. आज माझं कार्ड चालेना! काचेच्या दाराबाहेर हातात कॉफी घेऊन उभा होतो मी, शिपायांसमोर! दहा मिनिटं!"

"दहा मिनिटांत दार कोणी उघडून दिलं?"

"सुरक्षाप्रमुखांना फोन केला मी!"

"आमच्या मामांकडे त्यांचा नंबर नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

ही बातमी कारखान्यात वणव्यासारखी पसरली. प्रेसच्या हॉलमध्ये त्या दिवशी कोणीतरी हातात चहाचा कप घेऊन भिंतीसमोर उभं राहायचं आणि बाकीचे पोट धरून हसायचे. मामा तेवढे हसले नाहीत. ते बाईंच्या केबिनच्या दारात आले, उगाच घुटमळले आणि परत गेले.

बाईंना वाटलं होतं, आता आपली गच्छंती. पण सल्लागार आला तो पुन्हा तितकाच नम्र. "तांत्रिकदृष्ट्या तुमचं बरोबर आहे, मॅडम," तो म्हणाला, आणि बाईंना त्याचा आणखीच राग आला, कारण हा माणूस मान्य करतानासुद्धा हलत नव्हता. जुनी पट्टी परत सुरू झाली. फॉर्ममध्ये 'माल' असा एक रकाना वाढला आणि खाली शेऱ्यासाठी चार ओळींची जागा. चौदा दोष सापडल्याने खोलीही तूर्त वाचली. "पण एक नियम आता कायमचा," जाता जाता तो म्हणाला. "सलग चार आठवडे दोष शून्य आला, तर खोली आपोआप बंद होईल. सगळ्या कारखान्यांना तोच नियम आहे."

चार आठवड्यांत एक तरी बिजागरी खराब निघेलच की! बाईंनी निःश्वास टाकला. बावीस वर्षांत असा आठवडा गेला नव्हता की निळा ट्रे रिकामाच राहिला. फक्त आता ट्रे न्यायचा नाही, महिन्यातून एखादा दोष भरायचा, तो असा वाटून की कोणाचे तीन होणार नाहीत. बाईंनी मनात सगळी आखणी केली. काकांनाही पटवलं, म्हणजे काका "हं" म्हणाले.

पण बाई आपल्या माणसांना विसरल्या. पट्टी तर पुन्हा उत्तम होती. त्यात प्रेसवाल्यांनी ताकीदपत्राची धास्ती घेतली होती. मामांनी भंगारातून जुन्या कपाटाचं एक दार उचलून आणलं, आपल्या मशीनशेजारी लोखंडी खांबाला बांधलं, आणि हॉलमधली प्रत्येक बिजागरी तपासणीला जायच्या आधी तिथे घासूनपुसून बघितली जाऊ लागली. खराब निघाली की तिथल्या तिथे दुरुस्त. आपल्यामुळे कोणाचा नंबर लागू नये म्हणून सगळे एकमेकांची बिजागरी बघत होते. असं काम त्या कारखान्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

पहिला आठवडा, शून्य. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य.

चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी सकाळी बाई हॉलमध्ये गेल्या आणि त्यांचा बांध फुटला.

"अरे, जरा तरी वाईट काम करा!" त्या ओरडल्या. मशीनं थांबली. "एक बिजागरी! एक वाकडी बिजागरी हवी मला संध्याकाळपर्यंत! पाचला फॉर्म जातो. शून्य गेला तर काका आणि त्या तिघी सोमवारी घरी बसतील, कळतंय का तुम्हाला?"

मामांनी हातातली बिजागरी फिरवली. "मुद्दाम खराब करायची, बाई?"

"मुद्दाम!"

"हाताला जमायचं नाही ते," मामा म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, आणि म्हणूनच बाईंना त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. ज्यांचं करावं भलं, ते असे!

जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला. बाईंनी पदर खोचला, मामांच्या मशीनवर बसल्या. चौतीस वर्षांपूर्वी याच मामांनी त्यांना हौसेखातर पट्टी वळवायला शिकवली होती. बाईंनी पट्टी तिरकी घातली. धाड. नळी चिमटली. दुसरी घातली. धाड. त्या सल्लागाराच्या पांढऱ्या बुटांना आठवून तिसरी, आणि फाटकाशी अकरा वेळा वाचलेल्या त्या नावाला आठवून चौथी. चार भिकार, वाकड्या, लाज आणणाऱ्या बिजागऱ्या. इतकं समाधान त्यांना कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. तपासणीला निघालेल्या खोक्यात त्यांनी त्या अगदी वर ठेवल्या आणि हात पुसत केबिनमध्ये जाऊन बसल्या.

चार वाजता त्या काकांकडे गेल्या. "ते खोकं झालं?"

"झालं. शून्य."

"शून्य कसं? वरच्या चार बघितल्यात?"

"बघितल्या ना. त्यातल्याच तीन बसवल्या." काकांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "सुरेख होत्या. बऱ्याच दिवसांत इतकं गुळगुळीत दार लागलं नव्हतं."

बाई जवळजवळ धावत हॉलमध्ये गेल्या. मामा आपल्या कपाटाच्या दाराशी उभे होते.

"मामा, त्या खोक्यावरच्या चार तुम्ही हातात घेतल्यात?"

"घेतल्या. कोणी वळवल्या होत्या कोण जाणे, बघवत नव्हत्या. नळ्या खोलून परत वळवल्या, पिना बदलल्या. दीड तास गेला." मामांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि त्यांचा आवाज खाली आला. "खराब माल पुढे कसा जाऊ देणार, बाई? तुम्हीच शिकवलंत."

बाईंना बोलायचं होतं. शिव्या द्यायच्या होत्या, मामांना, कंपनीला, स्वतःला, आणि चांगल्या कामाची शिक्षा देणाऱ्या त्या कोऱ्या पडद्याला. पण डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही त्यांना राग आला. त्या तशाच वळल्या आणि केबिनमध्ये येऊन संगणकापुढे बसल्या. पाचला दहा कमी होते.

दोष किती? चार. कोणामुळे? बाईंनी स्वतःचा क्रमांक घातला, चार वेळा. मग शेऱ्याच्या चार ओळींत लिहिलं, 'या चार बिजागऱ्या मी, कारखान्याच्या मॅनेजरने, जाणूनबुजून खराब केल्या, कारण आमच्या माणसांकडून खराब होत नाहीत. प्रेसवाल्यांनी त्या दुरुस्त केल्या. तपासणीत त्या उत्तम ठरल्या. हे असंच बावीस वर्षं चाललं आहे. वाचणाऱ्याला कळलं तर कळवावं.'

आणि बटण दाबलं. एक अक्षर खोटं नव्हतं.

सोमवारी तपासणीची खोली उघडी होती. संगणकाने चाराचा आकडा वाचला, शेरा वाचला नाही. शेरा वाचायचं काम त्याला कोणी दिलंच नव्हतं. मंगळवारी बाईंच्या नावाने ताकीदपत्र आलं. 'आपल्या क्रमांकावर चार दोष नोंदले गेले आहेत. कामात सुधारणा करा. दहा झाल्यास कार्ड बंद होईल.' सल्लागाराचा फोन नाही, काही नाही. तो बहुधा विसाव्या कारखान्यात हिंडत होता.

बाईंनी पत्र हातात धरून हिशेब केला. दहाला सहा उरल्या. चार आठवड्यांना एक घातली तर चोवीस आठवडे, सहा महिनेसुद्धा पुरते नाहीत. काकांची दीड वर्षं राहिली होती आणि त्या तिघींची तर अख्खी हयात. तोवर काय होईल ते होईल. त्यांनी टेबलाच्या खणातून एक स्क्रू काढला, तडक तपासणीच्या खोलीत गेल्या आणि ते पत्र त्या कुठेच न जाणाऱ्या दारावर, अगदी मधोमध, काकांच्या पेचकसाने स्क्रू पिळून बसवलं.

"हे काय, बाई?" तिघींतली एक म्हणाली.

"वहीतलं नाव," बाई म्हणाल्या. "आपल्या कारखान्यातलं, बावीस वर्षांतलं पहिलं. सगळ्यांनी बघा."

मामा रिकामं खोकं न्यायच्या निमित्ताने खोलीच्या दाराशी येऊन उभे होते. त्यांनी पत्र लांबूनच वाचलं, ओठ हलवत, शेवटपर्यंत. "माझा नंबर घाला पुढच्या वेळी," ते म्हणाले. "यापुढच्या आपण वाटून घेऊ. हॉलमध्ये चाळीस जण आहेत." आणि बाई काही बोलायच्या आत निघूनही गेले.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. काकांनी नव्या खोक्यातल्या तीन बिजागऱ्या बसवल्या आणि दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. प्रत्येक वेळी पत्र फडफड करी. नवव्या खेपेला काका थांबले.

"बाई, हा कागद काढा," ते म्हणाले. "ह्याच्या आवाजात बिजागरी ऐकू येत नाही."

बाईंनी स्क्रू काढला, पत्राची घडी घालून कमरेला खोचली, आणि काकांनी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.